भाषणात टिकलेला लॅपटॉप

आमच्या डाळिंब संघाचे कारकून लॅपटॉप बघायला गेले की दुकानदाराचं प्रोसेसर-पुराण हात जोडून थांबवतात. पेनड्राइव्हमधली सभासदांची यादी उघडतात आणि वीस नावं मराठीत टाइप करून बघतात. बारामतीतली तीन दुकानं अशी दमवून त्यांनी संघासाठी एक मध्यम किमतीचा, काळा, दिसायला अगदीच गरीब लॅपटॉप सुचवला. अध्यक्षांना मात्र रंगीत दिवे लुकलुकणारा हवा होता. आम्ही संचालकांनी माना डोलावल्या, मीसुद्धा.

इंदापूरच्या बैठकीत कारकुनांनी दोन्ही लॅपटॉप मागवले, दोन्हींवर तीच यादी उघडली आणि चार्जर काढून बाजूला ठेवले. “दुपारी हितं लाईट नसती. आबा, तुमी बोला.”

आबा, म्हणजे अध्यक्ष, बोलले. संघाच्या स्थापनेपासून बोलले. दीड तासाने दिव्यांचा लॅपटॉप बंद पडला.

“ह्यो झोपला, आबा,” कारकून शांतपणे म्हणाले. “काळा अजून ऐकतोय.”

कुणी हसेना. आबांनी घड्याळ पाहिलं. “म्हंजे मी लई बोललो व्हय?”

“न्हाय आबा. रोजच्याइतकंच.”

आबांनी काळ्याच्या मंजुरीवर सही केली. संघाच्या कारकुनांची ओळख पाहुण्यांना मी हल्ली अध्यक्षांच्या आधी करून देतो.