एक म्हातारा आणि दोन फरारी

"मास्तर, एक म्हातारा आन दोन फरारी."

परतीच्या गाडीला मार्गासनीच्या थांब्यावर तात्या चढले, की हे वाक्य ठरलेलं. हातातली करंडी माझ्यासमोर अशी धरायचे, जणू मी झाकण काढून आतली मोजदाद करणार आहे. झाकणावर त्यांचा टॉवेल बांधलेला असायचा आणि आतून कबुतरं घुमायची. मी म्हणायचे, "म्हाताऱ्याचं अर्धं फाडते. फरारी चौकीत द्या." मग ते करंडी मांडीवर घेऊन खिडकीशी बसायचे आणि कापूरहोळ येईपर्यंत झाकणावर हात ठेवून असायचे.

आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. शिकलेली पोरं मला मॅडम म्हणतात, बाया ताई म्हणतात. तात्यांनी मात्र मी बाई आहे ही गोष्ट कधी मनावरच घेतली नाही. "तिकीट फाडतो त्यो मास्तर," असं त्यांचं म्हणणं.

भोरहून वेल्ह्याला जाणारी गाडी मी बरीच वर्षं केली. तुम्ही त्या गाडीने गेला असाल तर तात्यांना तुम्हीही पाहिलं असेल. काटक बांधा, पांढरी टोपी, आणि उतरताना ड्रायव्हरला रामराम घातल्याशिवाय पायरी सोडायची नाही. मागच्या वर्षी ते गेले. अजून कापूरहोळला गाडी थांबली की माझं लक्ष आधी रसवंतीच्या बाकड्याकडे जातं. ते नाहीत हे माहीत असतं, तरी जातं. आठवण येते त्यांची, खोटं कशाला बोलू, फार येते.

तात्यांचं गाव मार्गासनीच्या आत, गुंजवण्याच्या अंगाचं. घर धरणात गेलं आणि बदल्यात कापूरहोळच्या बाजूला, भोंगवलीकडे जागा मिळाली. टेम्पोत दारं, वासे, जातं, भांडी असं सगळं आलं, आणि सगळ्यात वर कबुतरांची ढाबळ. ढाबळ म्हणजे कबुतरांचं लाकडी घर. पोरवयापासून त्यांना कबुतरांचा नाद होता.

आता कबुतरं पाळणाऱ्या कुणालाही विचारा, तो एक नियम सांगेल. जागा बदलली तर जुनी पाखरं नव्या जागी कधी मोकळी सोडायची नाहीत. ती गेलीच म्हणून समजा. त्यांना कोंडूनच ठेवायचं, आत अंडी घालू द्यायची. नव्या जागी जी पिल्लं होतील ती तिथली. त्यांना खुशाल उडवा, संध्याकाळी बरोबर ढाबळीत येतील.

तात्यांना हे काय माहीत नव्हतं? पण त्यांच्याकडे एक जुनी जोडी होती, नर राखाडी, मादी पांढरट, आणि त्या जोडीच्या दाराची कडी दर थोड्या दिवसांनी लावायची राहायची. सकाळी जोडी पसार. मग तात्या करंडी घेऊन कापूरहोळला हजर.

"आज काय हो तात्या?"

"कडी ऱ्हायली, मास्तर."

पाखरं कुठे गेली असतील हे शोधायची गरजच नसायची. घर पाण्याखाली, पण काठावर एक उंबर होता, त्यावर ती बसलेली असायची. तात्यांनी शीळ घातली, मूठभर ज्वारी टाकली, की सरळ हातावर.

एकदा गाडीत विंझरच्या शाळेचे एक सर होते. करंडीची कथा ऐकून ते खूश झाले. म्हणाले, पाखराला सूर्यावरून दिशा कळते, ढग असले तर जमिनीचं चुंबक कळतं, आणि कुठल्या बाजूचा वारा कसला वास आणतो हे पिल्लू घरात बसल्या बसल्या शिकतं.

तात्या पुढे सरकले. "म्हंजी पिल्लू असतानाच घर डोक्यात बसतं?"

"बसतं."

"आन मग निघत न्हाई."

"तसंच म्हणा."

आमचा ड्रायव्हर पुढून ओरडला, "सर, मग मला चेलाडीला पुलाखालनं कुठं वळायचं ते का कळत न्हाई? रोज नवीन खड्डा!"

गाडी हसली. तात्या म्हणाले, "माझी पाखरं चेलाडीलाच वळत्यात. हमरस्त्यानं तितवर येत्यात आन मग डाव्या हाताला. येष्टीगत." त्यावर तर लोक पोट धरून हसले. पण सर म्हणाले, खरं असेल, कबुतरं कधी कधी रस्ता धरून उडतात म्हणे. मग काय, तात्यांची कॉलर ताठ. "बघा मास्तर. तुमची गाडी चुकती, माझी न्हाई."

हसण्यावारी नेत होतो आम्ही. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला फार वेळ लागला नाही. तात्या सकाळच्या गाडीने उतरायचे. शीळ घालून पाखरं हातावर यायला कितीसा वेळ लागतो? तरी परतायचे ते दिवस कलल्यावरच. मी एकदा विचारलं, "दिवसभर काय करता हो?"

"पाखरं रुसली व्हती."

"आणि मागच्या वेळी?"

"तवाबी."

म्हटलं, असू दे. पाण्यात बुडालेल्या घराकडे नुसतं बघत बसायला जातो, असं कुठला म्हातारा तोंडाने सांगेल? लोक म्हणतील, खूळ लागलं. पाखरं आणायला जातो म्हटलं की काम होतं, तिकीट काढता येतं, कुणी हसलं तर पाखरांना हसतं. तात्यांना तिकडे जायला निमित्त लागत होतं आणि ते त्या जोडीच्या पंखांवर होतं.

काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे सगळं ठाऊक होतं. एकदा तात्या भाकरी विसरले म्हणून त्या फडकं घेऊन कापूरहोळपर्यंत आल्या. तात्या रसवंतीकडे होते तेवढ्यात मला म्हणाल्या, "ताई, तुमीच सांगा. जलमभर म्हसरांच्या गोठ्याची कडी कदी ऱ्हायली न्हाई ह्यांच्या हातनं. हीच बरी ऱ्हाती!"

"तुम्ही जा की एकदा बरोबर."

"म्या?" त्यांनी पदर खोचला. "निगायच्या दिवशी म्या घर सारवलं. सगळं, माजघरासकट. सारवलं आन टेम्पोत बसले. मागं वळून बगितलं न्हाई. आता पाण्यात काय बगायचं?"

बुडणार हे माहीत असलेलं घर सारवून निघालेली बाई. तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न दिला ते बरं झालं.

मग तो पावसाळा आला. धरण काठोकाठ भरलं, काठावरचा उंबरही पाण्यात गेला. श्रावणातल्या एका संध्याकाळी मार्गासनीला तात्या चढले. टोपी भिजलेली, करंडी छातीशी. मी तिकीट फाडायला उभी राहिले आणि त्यांचं ठरलेलं वाक्य येईना.

"तात्या?"

"एकच हाय, मास्तर."

मी त्यांच्या शेजारी टेकले. गाडीत गर्दी नव्हती. त्यांनी सांगितलं ते असं. दोन्ही पाखरं पाण्यावर घिरट्या घालत होती, घर होतं बरोबर त्याच जागेवर. बसायला काठी नाही, फांदी नाही, तरी जागा सोडीनात. शीळ पावसात ऐकू जाईना. दमून दमून खाली आली आणि उघड्यावर सापडली. ससाण्याने नर उचलला. मादी किती वेळ तशीच फिरत राहिली.

"कडी ऱ्हायली न्हवती," तात्या म्हणाले. माझ्याकडे न बघता. "म्याच काढायचो. दर टायमाला. मला यायचं असायचं आन मारलं त्येला."

मी त्यांचं तिकीट काढलं आणि कापूरहोळपर्यंत उभीच राहिले.

त्यानंतर तात्या आले नाहीत. गौरी-गणपती झाले, भातं कापली, थंडी आली. ड्रायव्हर कापूरहोळला उगाच थोडा जास्त थांबायचा. "म्हातारा दिसंना," म्हणायचा. मीही घंटी मारायला उशीर करायचे. एका माणसावाचून गाडी इतकी मोकळी वाटावी याचं मला नवल वाटायचं, रागही यायचा. निदान नुसतं फिरायला यावं! पण ते येणार नव्हते, हे मला कळत होतं. निमित्त संपलं होतं, आणि पाखराला पुन्हा सोडायचं तर जीव धजत नव्हता.

उन्हाळ्यात भोंगवलीला माझ्या नणंदेकडे जावळ होतं. वाट वाकडी करून मी तात्यांकडे गेले. पत्र्याचं नीट घर, दारात कढीपत्ता. नवी कबुतरं अंगणात उतरत होती, उडत होती, आपल्याच घरात असल्यासारखी. आणि ती होतीही आपल्याच घरात. जुनी पांढरट मादी मात्र बंद दाराआड होती. तिला धान्य उगवतीच्या बाजूला ठेवलेलं, पण ती जाऊन बसलेली मावळतीच्या, जुन्या गावाकडच्या जाळीला.

"दिसभर तितंच," तात्या म्हणाले. "म्या तोंड फिरवून ठिवतो, ती परत फिरती." आणि जरा थांबून, "पाणी किती हाय आता, मास्तर?"

"लय खाली गेलंय, तात्या. जोती उघडी पडलीत."

पडवीत काकू तांदूळ निवडत होत्या. सुपातला हात थांबला.

"आपलं?" त्यांनी विचारलं.

"मला कसं कळणार, काकू, कुठलं कुणाचं? नुसते दगड दिसतात."

काकू सुपातले खडे वेचत राहिल्या. मग तात्यांकडे न बघताच म्हणाल्या, "जाऊ मग. उद्या नगं, परवा. उद्या जळण आणायचंय."

तात्यांनी मला विचारल्यासारखं पाहिलं. जणू मी परवानगी देणार होते.

तिसऱ्या दिवशी कापूरहोळला दोघं उभी होती. काकू नव्या लुगड्यात. करंडी नव्हती. तात्या पायरी चढले आणि त्यांना हात कुठे ठेवावा ते कळेना. आधी खिशात घातला, मग टोपीला लावला. शेवटी काकूंनी आपली पिशवी त्यांच्या हातात दिली. मी म्हटलं, "कुठं निघालात?" एरवी कधी विचारायची गरजच पडली नव्हती.

तात्यांनी घसा साफ केला. सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "घर बगायला."

कुणी हसलं नाही. ड्रायव्हरने चेलाडीला इतक्या हळू वळण घेतलं, की मागचा टेम्पोवाला ओरडला.

संध्याकाळी मार्गासनीला दोघं परत चढली. पोटऱ्यांपर्यंत गाळ वाळलेला. काकू खिडकीशी बसल्या आणि बाहेर बघत राहिल्या. तात्या मात्र बोलायला अधीर झाले होते. तिकीट हातात घेतलं तसे म्हणाले, "सापडलं, मास्तर! हिलाच सापडलं. म्या दुसऱ्याच जोत्यावर चाललो व्हतो. ही म्हनली, 'आवं, हितं.'"

"आणि मग?"

"मग काय, भिताडं तर न्हाईतच. नुसतं जोतं. कुनीकडनंबी वर चढावं. म्या चढलो की मागल्या अंगानं." तात्या हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचा आवाज बारीक झाला. "ही न्हाई चढली. सगळा वळसा घातला त्या चिखलातनं. पुढं आली. जितं आमचं दार व्हतं, तितं हुबी ऱ्हायली. चपला काढल्या. आन मग आत आली."