हवा खायला निघालेल्या बायका

आंबवड्यात तेव्हा बाईनं उंबरा ओलांडला तर हातात काहीतरी असायचंच. घागर, खुरपं, पूजेचं ताट, नाहीतर कडेवर पोर. नुसतं फिरायला जाणं आम्हाला ठाऊकच नव्हतं. ते भोरच्या दरबारी लोकांचं काम.

पण थोरल्या जाऊबाईंची मुलगी बारशाआधीच गेली आणि त्या माजघराच्या कोपऱ्यात बसल्या त्या बसल्याच. जेवण दोन घास, बोलणं तेवढंही नाही. एवढ्याशा जिवाचा दुखवटा कुणी करत नाही. देवानं दिली, देवानं नेली, म्हणून घर कामाला लागलं. मला मात्र धास्ती वाटायला लागली, की हीसुद्धा आमच्या हातून जाते. भोरहून डॉक्टर आले, नाडी बघून म्हणाले, "औषध नाही. रोज संध्याकाळी मोकळ्या हवेत फिरवून आणा."

"हवा खाऊन कुणाचं प्वाट भरलंय?" सासूबाई म्हणाल्या. पण त्यांनीच जाऊबाईंचा पदर नीट केला आणि आम्हाला बाहेर काढलं. जाऊबाई, नणंद, शेजारच्या काकू आणि मी.

ओढ्याची घळ गावाला लागूनच. जुन्या दगडी पायऱ्या, वरून नवा झुलता पूल, खाली देऊळ आणि गर्द झाडी. वाट सोपी, पाय नीट चालत होते, पण हातांचं काय करावं ते कुणालाच कळेना. काकूंनी ते पदराखाली घेतले, नणंदेनं पाठीमागे बांधले. "फौजदार दिसतीस," मी म्हणाले. ती फिदीफिदी हसली. जाऊबाई काही हसल्या नाहीत.

पुलापाशी धनगराची एक म्हातारी शेळ्या घेऊन समोरून आली. आमच्या डोक्यावर पदर, रिकामे हात, मध्ये एक मलूल बाई. दुखवट्याला निघालेल्या बायका अशाच दिसतात. शेळ्या थोपवून तिनं हळू आवाजात विचारलं, "कोन गेलं गं, बायांनो?"

मला असा राग आला! 'कुणी गेलं न्हाई, हवा खायला चाललोय,' असं फटकारायला मी तोंड उघडलंच होतं.

"माजी लेक," जाऊबाई म्हणाल्या.

म्हातारी तिथंच दगडावर बसली. जाऊबाईंना शेजारी बसवून तिनं त्यांचा हात हातात घेतला आणि सगळं रीतसर विचारलं. कवा गेली? ताप व्हता का? कुणावानी दिसायची? इतक्या दिवसांत आमच्यापैकी एकीनंही हे विचारलं नव्हतं. जाऊबाई सांगत गेल्या. जावळ लई दाट होतं, म्हणाल्या. दूध पिताना डोळं मिटायची न्हाई, माझ्याकडं बघत ऱ्हायची. मग त्या मोठ्यानं रडल्या, आणि आम्हीही रडलो. तेवढ्यात शेळ्या कुणाच्या तरी कुंपणात शिरल्या; म्हातारीनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

दिवेलागणीला घरी पोचलो. सुजलेले डोळे बघून सासूबाई घाबरल्या. "काय झालं गं?"

"आत्याबाई," जाऊबाई म्हणाल्या, "तिचं जावळ आठवतंय तुमाला?"

सासूबाई पायरीवरच बसल्या.

"आठवतंय तर. मीच न्हाऊ घालायचे न्हवं तिला. डाव्या कानामागं तीळ व्हता."

"व्हय?" जाऊबाई त्यांच्याजवळ टेकल्या. "मला न्हाई दिसला कधी. अजून सांगा."