सतरा नंबरचं दार

अण्णा गेल्याची बातमी घेऊन माझ्या दारात आला तो धर्मा नाखवा. बारा वर्षांपूर्वी ज्याने वल्ह्याने अण्णांचा उजवा हात मोडला, तोच. "अण्णा गेलं, मास्तर. हात मोडला मी, पन त्यांनी माजं नाव न्हाय घेतलं," म्हणाला आणि ओट्यावर मटकन बसला... त्याला आता दीड महिना झाला.

अण्णांची वाडी किहीमला, आमच्या शेजारीच. मुंबईत ते संख्याशास्त्र शिकवत आणि रोगराईचे आकडे मांडत. डॉक्टर मंडळी त्यांना 'आकडेमोड्या' म्हणून चिडवत. अमक्या औषधाने गुण आला, असं कुणी म्हणालं की अण्णा विचारत, न घेतलेल्यांत किती बरे झाले? पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लस पारखायला ते कोळीवाड्यात आले, तेव्हा दारांवर खडूने नंबर घालायला मी शाळामास्तर सोबत होतो. सम नंबरच्या घरांना लस लगेच, विषम घरांना महिन्याने, म्हणजे फरक कळतो. टोचणीआधीच नारळी पुनव आली. कोळ्यांनी होड्यांबरोबर दारंही धुऊन तेल चोपडलं आणि माझे नंबर गेले. नावं-नंबर लिहिलेली वही काढायचा मला कंटाळा. आठवतील तसे पुन्हा घातले. धर्माच्या दारावर सतरा.

सम घरांना लस टोचून झाली आणि पंधरा-वीस दिवसांत पटकी आली. धर्माची पाच वर्षांची मंजी सकाळी ओकू लागली, संध्याकाळी गेली. शेजारची लस टोचलेली पोरं अंगणात होती, धडधाकट.

दुसऱ्या दिवशी धर्मा वल्हं घेऊन किनाऱ्यावर आला. पहिला तडाखा हातावर; हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा खांद्यावर, तिसरा डोक्यात. वाळूवर रक्त सांडलं. "माजी पोर काय मोजायला ठेवलीस?" असं ओरडत तो हाणत होता. मी चार हातांवर उभा, आणि माझा पाय उचलला नाही. भ्याड होतो, दुसरा शब्द नाही. कोळ्यांनीच त्याला आवळून धरलं. फौजदाराला अण्णांनी सांगितलं, खडकावर पडलो.

हात वाकडाच राहिला. डाव्या हाताने ते फळ्यावर लिहायला शिकले. पुढे त्यांच्या कुठल्याही पाहणीत खडू चालला नाही; पत्र्याचा नंबर चौकटीवर ठोकायचा आणि सुई टोचण्याआधी वहीशी ताडायचा. विसरणाऱ्या विद्यार्थ्यावर भयंकर भडकत. मला वाटे, ही माराची दहशत.

परवा अण्णांच्या पत्नीने, वहिनींनी, ती जुनी वही माझ्या हाती दिली. धर्माच्या नावापुढे, माझ्याच अक्षरात, अठरा. सम नंबर. खाली डाव्या हाताचं वेडंवाकडं अक्षर: 'दारावर नंबर चुकला. मी ताडून पाहिला नाही. चूक माझी.' माझं नाव कुठेच नाही. बारा वर्षं ठाऊक होतं त्यांना, आणि दर दिवाळीला माझ्याकडे फराळाला येत होते... राग येतो मला त्यांचा. त्यांनी माझ्या एक थोबाडीत तरी द्यायची होती.

धर्माला वाचता येत नाही. छापायला धाडण्याआधी हे सगळं मी त्याला वाचून दाखवणार आहे. वही समोर उघडी ठेवली आहे. वल्हं घेऊनच ये, असा निरोप पाठवलाय.