सुनेचा पॅन

सुनेचा नॉनस्टिक पॅन कुसगावच्या रतनबाईच्या डोळ्यांत खुपायचा. सून स्नेहल त्याला लाकडी उलथनंच लावायची, मऊ फडक्यानं पुसायची, रिकामा कधी तापवायची नाही. "माज्या गुडघ्यांना तेल चोळाया हिला येळ न्हाई," रतनबाई धुसफुसायची. त्यात एकदा लेक अमृत म्हणाला, "धिरडं सुटावं तर असं." मग काय, सून बाहेर जाताच रतनबाईनं तारेच्या घासणीनं पॅन खरवडून काढला.

दुसऱ्या दिवशी धिरडं चिकटलं, फाटलं. "आये, तुजा बिडाचा तवाच काढ," अमृत म्हणाला. रतनबाई तोऱ्यात उठली. फळीवरून तवा ओढला, तर तो गंजून लाल. अख्खा पावसाळा तिची नजर पॅनवर होती. तव्याला तेलाचं बोट लावायचं तीच विसरली होती.