देवीच्या डोहातला होडीवाला

ती घटना आठवली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बायको म्हणते, आता रिटायर झालात, रक्तदाब आहे, सोडून द्या. सोडून देण्यासारखी असती तर मी ती केव्हाच सोडली असती.

साठ सालानंतरची गोष्ट. मी महाड ठाण्याला फौजदार होतो. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. पोलादपूरच्या वरच्या खोऱ्यात नदीला एक खोल डोह आहे. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून नांदताहेत. डोहाच्या काठी देवीचं देऊळ, आणि डोहातले मासे देवीचे. ते कुणी धरत नाही की खात नाही. चुरमुरे टाकले की हातभर लांबीचे मासे काठाशी येतात, एवढे ते धीट. नवस फिटला की बायका चांदीचा पाळणा नाहीतर चांदीचे डोळे डोहात सोडतात. पलीकडच्या शेतांवर जायचं तर होडीतून जायचं, पण पाण्यात अंग बुडवायचं नाही, ही तिथली रीत.

होडी चालवणारा जातीचा भोई. त्याला आम्ही पोलीस चांगले ओळखत होतो. विहिरीत, नदीत कुणी बुडालं की प्रेत काढायला ठाण्यातून त्यालाच बोलावणं जायचं. छाती भरून श्वास घ्यायचा, तोंड मिटायचं आणि खाली जायचं, की वर काठावर उभ्या पंचांचा जीव टांगणीला लागायचा. एकदा बिरवाडीकडच्या एका विहिरीतून त्यानं दागिन्यांसकट एका बाईचं प्रेत काढलं. हातातून निसटलेली एक बांगडी आणायला तो पुन्हा खाली गेला आणि ती पंचांच्या समोर ठेवली. त्यामुळे हा माणूस देवीची चांदी चोरताना मेला, अशी वर्दी घेऊन पोलीस पाटील ठाण्यात आला, तेव्हा माझा विश्वासच बसेना.

मी हवालदाराला घेऊन गेलो. प्रेत काठावर होतं. नाकातोंडातून रक्ताचा फेस आलेला. गाव लांब उभं. इन्क्वेस्टला, म्हणजे प्रेताच्या पंचनाम्याला, पंच मिळेनात, कारण देवीनं मारलेल्याला हात कोण लावणार? पुजारी म्हणाला, देवीनं त्याला रक्त ओकायला लावलं, बघा. मी प्रेत उलटं करून बघितलं. दोन्ही खांद्यांवरून काखेपर्यंत कातडी घासलेली होती, पट्टा काचतो तशी. मी ते पंचनाम्यात लिहून घेतलं.

तिथं मुंबईचे दोन साहेब होते. एक थोरले, मिशीवाले, मोठ्या कंपनीत अधिकारी. दुसरे धाकटे, त्यांचे मित्र. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचे पाहुणे म्हणून त्याच्या बंगल्यावर उतरले होते. जवळच्या सव गावच्या गरम झऱ्यांवर अंघोळी झाल्या, कोंबड्या झाल्या, आता देवीचे मासे बघायला आले होते. थोरल्यांनी मला इंग्रजीमिश्रित मराठीत साळसूदपणे सांगितलं, की आम्ही काठावर चहा पीत होतो, पाठ फिरवली तेवढ्यात यानं उडी मारली, बहुधा चांदीसाठी. बिचारा गरीब, असंही म्हणाले. त्या 'बिचाऱ्या'नं माझं डोकं फिरलं, पण पुराव्याशिवाय फौजदाराच्या डोक्याला कोण विचारतो?

महाडला शवविच्छेदन झालं. डॉक्टर वयस्कर, मोजकं बोलणारे. त्यांनी मला आत बोलावलं आणि म्हणाले, "फौजदार, हा बुडालेला नाही. फुप्फुसात पाणी नाही. फुप्फुसं आतून फाटलीत."

कशानं फाटली, म्हणून मी विचारलं. म्हणाले, आयुष्यात असं पाहिलेलं नाही, मी खोटं लिहिणार नाही. बाहेरून मार नाही, बरगडी मोडलेली नाही, एवढं मात्र त्यांनी स्पष्ट लिहून दिलं.

इकडे गावानं त्याच्या बायकोला वाळीत टाकलं. देवीच्या चोराची बायको. सरणाला लाकूड कुणी दिलं नाही, शेवटी माझ्या शिपायांनी तिच्या दिरासोबत सरण रचलं. पाणवठा बंद, होडी बंद. पोरांना घेऊन तिनं निघून जावं, असं चावडीत ठरलं. मी पाटलाला झापलं तर तो म्हणाला, सायेब, देवीच्या म्होरं आमचं काय चालतंय? देवीच्या नावावर माणसं किती निर्दय होतात, ते मी तेव्हा बघितलं. त्यातले निम्मे लोक त्याच्या होडीतून रोज पलीकडे जात होते.

पुढाऱ्याचा निरोप आला की पाहुण्यांना त्रास नको. अलिबागहून वरिष्ठांचा फोन आला की अकस्मात मृत्यूची नोंद आहे ना, मग कागद बंद करा. मी 'होय साहेब' म्हणालो आणि कागद उघडाच ठेवला.

खबर आली ती बाजाराच्या दिवशी. वरच्या डोंगरावरचा एक धनगर लोणी विकायला पोलादपूरला यायचा. तो चौकीच्या पायरीवर बसून राहिला, कुणी हटकलं तरी हलेना. मी आत बोलावून चहा दिला. बराच वेळ त्यानं म्हशींच्याच गोष्टी सांगितल्या. गावाकडच्या माणसाला घाई केली की तो तोंड मिटतो, हे मला नोकरीनं शिकवलेलं होतं, म्हणून मीही म्हशींचीच चौकशी करत राहिलो. मग तो हळूच म्हणाला, "सायेब, त्यानं उडी नाय मारली. त्याला होडीतनं सोडला. पाठीव लोखंडी बाटला बांधून."

मी विचारलं, बाबा, कुणी बांधला?

"मिशीवाल्यानं. मी वरनं बघत व्हतो. वर आला, वरडला, आन् पाण्यावरच गप झाला. मंग दोघांनी काठाव आणला आन् बाटला सोडून घेतला."

इतके दिवस का बोलला नाहीस, हे मी विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं. पुढाऱ्याच्या रानात त्याची म्हसरं चरत होती.

पंच घेऊन मी बंगल्याची झडती घेतली. साहेब मुंबईला गेले होते, पण सामान पुन्हा येण्याच्या बेतानं तिथंच ठेवलेलं. परदेशी बनावटीची हवेची नळकांडी, रबरी नळ्या, पाण्यात खाली जायला कमरेला बांधायचा शिशाचा पट्टा, आणि मासे मारायचा एक लांब स्प्रिंगचा भाला. देवीच्या माशांना चुरमुरे टाकायला आले होते ना हे? भाला कशाला मग?

ती नळकांडी घेऊन मी मुंबईला नौदलाच्या एका पाणबुड्या अधिकाऱ्याला भेटलो. डॉक्टरांचा अहवाल वाचून त्यानं मला एकच प्रश्न विचारला: हा माणूस नळकांड्याशिवाय बुडी मारणारा होता का? मी म्हणालो, जन्मापासून. त्यानं अहवाल मिटून बाजूला ठेवला. मग त्यानं समजावून सांगितलं. खाली पाण्याच्या दाबात नळकांड्यातली हवा छातीत भरली, की वर येताना ती फुगत जाते. श्वास सोडत वर आलं तर काही होत नाही. श्वास रोखून आलं तर छाती आतून फाटते. नव्या माणसाला पाण्यात सोडण्याआधी पहिली गोष्ट सांगतात ती ही.

आणि आमचा होडीवाला? लहानपणापासून त्याला एकच माहीत: पाण्यात तोंड मिटून श्वास कोंडायचा आणि वर आल्याशिवाय सोडायचा नाही. तेच त्याला इतकी वर्षं जगवत आलं होतं.

दोघांना महाडला आणलं. वेगवेगळं बसवलं. थोरल्यांनी आल्या आल्या माझ्या वरिष्ठांची नावं घेतली, मग वकील मागितला, मग पाणी मागितलं. पाणी दिलं. धाकट्यांना मी दमदाटी केली नाही. हात शिवशिवत होते, खोटं कशाला सांगू? पण मऊ माणसाला दरडावलं की तो रडतो आणि खरं सांगायचं राहून जातं. मी त्यांना समुद्राबद्दल विचारलं. ते खुलले. दूरच्या बेटांजवळ बोटीनं जातात, पाण्याखाली पोवळ्यांची बागच्या बाग असते, लाल, जांभळी, त्यातून पिवळे मासे थव्यानं फिरतात. काय काय सांगत होते. डोळे चमकत होते.

मी विचारलं, "तुम्ही बोटीतून उतरण्याआधी तुमचे मित्र तुम्हाला काय सांगतात?"

शाळेतल्या मुलासारखं त्यांनी घडाघडा म्हणून दाखवलं. त्यात नौदलाच्या अधिकाऱ्यानं सांगितलेलं ते वाक्य होतं.

"दर वेळी सांगतात?"

"दर वेळी. तो नियमच आहे. मीही त्याला सांगतो."

"आणि त्या होडीवाल्याला?"

ते बराच वेळ टेबलाच्या कडेला हात घासत राहिले. मग सगळं बाहेर आलं.

थोरल्यांना देवीचा एक मासा भाल्यावर हवा होता, मुंबईला फोटो दाखवायला. होडीत भाला बघून होडीवाला चिडला, होडी काठाला न्यायला लागला. ओढाओढीत भाला पाण्यात पडला. साहेब म्हणाले, काढ. तो म्हणाला, डोहात उतरायचं नाय. त्यांनी नोट दाखवली, त्यानं मान फिरवली. मग भाला जिथं पडला त्या जागेकडे तो बघत बसला आणि स्वतःशीच म्हणाला, "देवीच्या पाण्यात हत्यार नको ऱ्हायला." हात जोडले आणि आपण होऊन उतरला. आपल्या श्वासावर दोनदा गेला, कपारीत भाला दिसेना. थोरल्यांना सर्दी होती, खाली कान दुखतात म्हणून स्वतः उतरवेना. त्यांनी आपलं नळकांडं त्याच्या पाठीवर बांधलं, नळी तोंडात दिली, आणि म्हणाले, आता हवा तेवढा वेळ शोध. तो भाला घेऊनच वर आला होता. त्याच्या मुठीतून तो यांनी सोडवून घेतला.

"का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

धाकटे म्हणाले, "तो तर माशासारखा पोहायचा. त्याला काय सांगायचं, असं वाटलं."

चोर कोण आणि बोंब कुणाच्या नावानं! मेलेल्या माणसाच्या मुठीतून भाला काढून घ्यायचा आणि त्यालाच चोर ठरवायचं. मी उठून बाहेर व्हरांड्यात गेलो, कारण आत थांबलो असतो तर माझ्या हातून नोकरी जाण्यासारखं काही झालं असतं.

धाकट्यांचा जबाब आणि डॉक्टरांचा अहवाल घेऊन मी त्या गावात गेलो, देवळापुढे लोक जमवले आणि काय घडलं ते सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, म्हंजे देवीनं मारला नाय? त्याच्या आवाजात चक्क निराशा होती. मी म्हणालो, तुमच्या देवीच्या पाण्यातून हत्यार काढायला गेला म्हणून तो मेला, आणि तुम्ही त्याच्या सरणाला लाकूड दिलं नाहीत. कुणी वर बघेना. पुजारी पुटपुटत आत गेला. दुसऱ्या दिवशी पाणवठा उघडला, आणि होडी दिराच्या हातात गेली. माफी मात्र कुणी मागितली नाही. गावं माफी मागत नाहीत, नुसती बोलायला लागतात.

खटला महाडला चालला. निष्काळजीपणानं मृत्यू घडवणं आणि पुरावा लपवणं. मुंबईहून मोठे बॅरिस्टर आले. सगळं कामकाज इंग्रजीत झालं. होडीवाल्याची बायको पदर ओढून मागच्या बाकावर बसून राहायची. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. शेवटी थोरल्यांना दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा. कोर्ट उठलं, साहेब उठले, मोटारीत बसले. इतकी वर्षं झाली, त्या शिक्षेचा राग माझ्या पोटातून गेलेला नाही. लोक म्हणतात, बेसावधपणा होता, कुणाच्याही हातून होतो. साफ खोटं. एकमेकांना ते दर वेळी सांगत होते. सांगायचं कुणाला आणि नाही कुणाला, हे त्यांच्या मनात आधीच ठरलेलं होतं. त्यानंतरच्या नोकरीत मी 'अपघात' लिहिण्याआधी प्रत्येक वेळी एक चौकशी केली: धोका कुणाला माहीत होता, आणि कुणाला सांगितला नाही?

कोर्टाच्या पायऱ्यांवर ती मला थांबलेली दिसली. म्हणाली, सायेब, शिपाई म्हनला, आत सगळे एकच काय ते परत परत बोलत व्हते, त्याला सांगितलं नाय म्हणून. काय सांगायचं व्हतं?

मी म्हणालो, "बाई, वर येताना श्वास सोडत ये, एवढं सांगायचं होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. पुढे आणखी काहीतरी असेल, म्हणून वाट बघत होती. मग तिनं विचारलं, "येवढंच?"