बॉनेटपाशी ऐकण्याचे काम

आबिड्सच्या टपाल कचेरीबाहेर टेबल टाकून मी लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण सातवीपर्यंतच झाले. तरीही माझ्या मसुद्यातील शब्द बदलण्याचे धाडस वकीलमंडळीसुद्धा सहसा करीत नाहीत. परंतु येथे सांगावयाचे आहे ते माझ्या लेखणीविषयी नव्हे, एका मोटारीविषयी.

अंबरपेठेत आमच्या शेजारी एका सरकारी खात्यातील अधिकारी राहत. मूळचे किनारी आंध्राचे, पण सारी नोकरी हैदराबादेत झालेली. मी त्यांना अण्णागारू म्हणे, ते मला मुन्शीजी आणि माझ्या पत्नीला वदिना, म्हणजे वहिनी. त्यांच्या मेहुण्याने जपानहून परतताना एक लाल मोटार सोबत आणली आणि वैतागून यांच्या दारात उभी केली. तिच्या इंजिनात वरखाली होणारे पिस्टन नव्हते. फुगीर बाजूंचा एक लोखंडी त्रिकोण पोकळीत गरगर फिरे. शहरातले मेकॅनिक बॉनेट उघडीत आणि हात जोडीत. अखेरीस ती विद्या आम्हां दोघांनाच आत्मसात करावी लागली.

सदर मोटारीचा स्वभाव असा की, थंड असताना सुरू करून लगेच बंद केली तर आत पेट्रोल साचे, प्लग भिजत आणि मग ती ढिम्म हलत नसे. उपाय होता. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढायचा, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा आणि किल्ली फिरवून साचलेले पेट्रोल बाहेर फेकायचे. तेवढ्याने न भागल्यास प्लग काढून वाळवायचे. ते आमच्या गॅसवर वाळत. "भाकरीच्या वेळेला हे काय भाजताय?" असे माझी पत्नी दर वेळी विचारी, आणि अण्णागारू गंभीरपणे सांगत, "जपानी वांगी आहेत, वदिना."

किल्लीपाशी ते बसत, बॉनेटपाशी मी उभा राही. किल्ली फिरली की त्रिकोणाच्या तीन बाजूंनी दाबलेल्या हवेचे तीन दम ऐकू येत: फस्, फस्, फस्. तिन्ही सारखे असले की काळजी नाही. हे ऐकण्याचे काम माझ्याकडे होते, आणि माझ्याइतके अचूक ते कोणास जमले असते असे मला वाटत नाही.

पुढे राज्याचे दोन भाग झाले आणि कर्मचाऱ्यांचीही वाटणी झाली. अण्णागारूंचा जन्म आणि शाळा तिकडची, म्हणून नोकरीही तिकडेच, विजयवाड्याला. त्यांना इकडेच ठेवावे अशी विनंती करणारा अर्ज मी लिहिला. आयुष्यात इतका जीव ओतून दुसरा अर्ज लिहिलेला नाही. तो नामंजूर झाला.

सामानाचा ट्रक घेऊन त्यांची पत्नी पुढे गेली. ते मागाहून मोटारीने निघायचे होते. माझ्या पत्नीने चारी चाकांखाली लिंबे ठेवली आणि हातात नारळ घेऊन उभी राहिली. मोटार सुरू झाली, लिंबे चिरडून हातभर पुढे आली, आणि नारळापुढे इंजिन घरघरत ठेवणे बरे नव्हे म्हणून अण्णागारूंनी किल्ली फिरवून ते बंद केले. इतक्या वर्षांत ही चूक त्यांनी कधी केली नव्हती.

"अण्णागारू! किल्ली!"

त्यांनी जीभ चावली. "अय्यो! देवाच्या नादात गेलो, मुन्शीजी."

"लिंबं तर चांगली होती हो, भावजी," पत्नी ओशाळून म्हणाली.

"लिंबं चांगलीच होती, वदिना. ही गाडीच नास्तिक आहे."

पुन्हा फ्यूज, पुन्हा प्लग, पुन्हा गॅस. प्लग उलटताना पत्नी म्हणाली, "जाऊ नका म्हणतेय ती."

"तिनं म्हणून काय होतंय? मुन्शीजींचंसुद्धा ऐकलं नाही सरकारनं."

बॉनेटपाशी उभा राहून मी ऐकत होतो. तिन्ही दम सारखे येत होते. ती सुरू होऊ नये असे मला फार वाटले. पण हात खोटे काम करीना; फ्यूज मी परत जागेवर बसवला. पांढऱ्या धुराचा लोट सोडून ती सुरू झाली. अण्णागारूंनी काच खाली केली. "दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आणीन. तिकडे हिचं ऐकणारं कोण आहे?"

आणि ते येत राहिले. पहाटे निघून दुपारच्या जेवणाला पोहोचत. "गाडी दाखवायला आलो," हे दारातले पहिले वाक्य. मी दोन मिनिटे ऐकून "ठीक आहे" म्हणे, आणि मग आम्ही संध्याकाळपर्यंत गप्पा मारीत बसत. भेटीस आलो असे त्यांनी कधी म्हटले नाही. मीही कधी म्हणू दिले नाही.

मग एका महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ते आले नाहीत. फोन आला तेव्हा मी टेबलापाशी अर्ज लिहीत होतो.

"फ्यूज काढला, प्लग वाळवले, सगळं केलं. फोन बॉनेटवर ठेवतो. ऐका."

ऐकले. फस्, फस्, आणि मग काहीच नाही. फस्, फस्, आणि तीच पोकळी.

"पेट्रोलच ना, मुन्शीजी?"

"नाही. त्रिकोणाच्या एका कडेची, हवा अडवणारी पट्टी तुटली असणार. एका बाजूला दमच उरला नाही."

"मग?"

"सबंध इंजिन उघडावं लागेल. इथं काय, तिथं काय, कोण उघडणार ते?"

पलीकडे मोटारीचे दार उघडून पुन्हा लागल्याचा आवाज आला.

"बसनं या ना, अण्णागारू," मी म्हणालो.

"बसनं?" ते हसले. "बसनं येऊन दाखवू काय?"

मी लेखणी खाली ठेवली. दिवसभर लोकांना मी कारणे लिहून देतो.

"मुन्शीजी, आणखी एकदा फिरवू?"

"फिरवा."

ते फिरवीत राहिले. फस्, फस् आणि पोकळी. दर वेळी आधीपेक्षा मंद. बॅटरी उतरेपर्यंत मी फोन कानाशी धरून बसलो होतो, आणि समोरच्या बाकावर गिऱ्हाईक अर्जाच्या पुढल्या ओळीची वाट पाहत होते.