वांग्याच्या रोपांना फिनेल

माझी सगळी नोकरी माती हुंगण्यात गेली. लोकांना हे खोटं वाटतं, पण माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत शेतकऱ्याने पिशवी उघडली की आधी माझं नाक पुढे व्हायचं आणि मग हात. चांगल्या मातीला वास असतो, आणि तो तिच्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असतो. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय की शेवटी शेवटी माझाच मला कंटाळा आला होता. निवृत्त झाल्यावर ठरवलं, आता कोणाला काही समजावायचं नाही. हा निश्चय मी जरा जास्तच पाळला.

आई गेली तेव्हा मी यवतमाळकडच्या आमच्या गावी जाऊन घर आवरलं. धान्याच्या कोठीमागे एक कापडी पुरचुंडी सापडली. आत राख आणि राखेत वांग्याचं बी. काटेरी देठाचं, हिरव्यावर पांढरे पट्टे असलेलं हे वांगं आई दरवर्षी लावायची. झाडावरचं सगळ्यात चांगलं फळ ती तोडू द्यायची नाही, बियांसाठी पिवळं होईपर्यंत राखायची. भावाला विचारलं, तुला हवंय का? तो म्हणाला, "घेऊन जाय ताई. इकडं कोन लावते आता? सारे रोपं इकत आनतेत." गावात चार घरी चौकशी केली. कोणाकडेच ते वांगं उरलं नव्हतं. म्हणजे आईचं वांगं आता फक्त त्या पुरचुंडीत होतं, आणि पुरचुंडीतलं निम्मं बी पोचट निघालं.

सदाशिव पेठेत आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, वर गच्ची. नवरा सकाळी कामावर गेला की संध्याकाळपर्यंत घरात मी आणि सासरे. सासऱ्यांचं वय ब्याऐंशी. बी कुठलं, कोणाचं, हे मी त्यांना सांगितलं नाही. लग्न झालं त्या वर्षी आईने डबा भरून वांग्याची झणझणीत भाजी पाठवली होती. त्यांनी एक घास घेतला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आमच्याकडे भाजी खातात, सोसत नाहीत." सगळे हसले, मीही हसले. त्यानंतर माझ्या माहेरच्या कुठल्याच गोष्टीबद्दल मी त्यांच्यापुढे तोंड उघडलं नाही.

पहिल्या खेपेची रोपं छान उगवली. दोन पानांवर आली आणि एका सकाळी आडवी झाली. जमिनीलगतचं देठ दोऱ्याने आवळल्यासारखं बारीक, काळपट. रोपं कोलमडणं हा माझ्या रोजच्या ओळखीचा रोग. मातीत काही बुरश्या दबा धरून असतात, ओल जास्त झाली की कोवळ्या रोपांचा गळा धरतात. त्यांना आवर घालायला दुसरी बुरशी लागते. ट्रायकोडर्मा तिचं नाव. ती त्या रोगट बुरशीला विळखा घालते आणि खाऊन टाकते, शिवाय जागा आधीच अडवून बसते. मातीत चांगल्यांची गर्दी असली की वाइटांना शिरायला वाव राहत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र.

ट्रायकोडर्मा आणायला नारायण पेठेत गेले. दुकानदाराने पाकिटं रस्त्याकडच्या काचेत मांडली होती, भर उन्हात. मी म्हटलं, "अहो, हे जिवंत असतं. सावलीत ठेवा." ते म्हणाले, "इथे आम्हीच उन्हात बसतो, बाई." मी पाकिटावरची तारीख शोधायला लागले तर म्हणाले, "जिवंत आहे का बघताय? नाडी लागते का बघा." मी आतल्या फडताळातलं पाकीट मागितलं. त्यांनी ते असं काढून दिलं की जणू मी त्यांच्या देवघरात हात घातला होता.

घरी ते पाकीट कुजलेल्या शेणखतात मिसळलं, पाणी शिंपडलं, वर ओलं गोणपाट घातलं आणि बाल्कनीच्या सावलीत आठवडाभर मुरवत ठेवलं. मी रोज गोणपाट उचलून बघायची. सासऱ्यांनी तीन दिवस हे पाहिलं आणि चौथ्या दिवशी विचारलं, "काय आहे त्यात?"

"बुरशी."

"पावाला आली की तू फेकून देतेस. ही मुद्दाम आणलीस?"

"ही वेगळी असते, बाबा."

"असेल. पावावरचीही स्वतःला वेगळीच समजत असेल."

इथे मी पाच मिनिटं बसून सांगायला हवं होतं. अनोळखी शेतकऱ्यांना मी हेच तासन्‌तास सांगितलेलं आहे. पण ते तसं बोलले की माझं डोकं सणकतं. मी गोणपाट टाकलं आणि आत गेले.

दुसरी खेप त्या खतात लावली. तीही कोलमडली. आता मात्र मी पुरती चक्रावले. बागकामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारायची चूक केली, तर एकीने दालचिनी लिहिली, एकाने बुरशीनाशकाचा फोटो टाकला, आणि तिसऱ्याने संकष्टीच्या शुभेच्छा दिल्या. सगळं आयुष्य ज्या कामात घातलं ते काम मला स्वतःच्या गच्चीवर जमत नव्हतं. याची लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी सगळ्यांवर खेकसते. त्या आठवड्यात मी कामवाल्या मावशींवर खेकसले, गॅसवाल्यावर खेकसले. जेवताना नवऱ्याला म्हटलं, "रोग पडतोय रोपांवर. मरतायत सगळी. आणि तू आमटीत मीठ कमी म्हणतोस." सासरे समोर जेवत होते.

पुरचुंडीत चौदा बिया उरल्या होत्या. सगळ्या लावल्या. नऊ उगवल्या. सहाव्या दिवशी पाच राहिल्या, आठव्या दिवशी तीन. मी गुडघ्यांवर बसले, चिमूटभर माती घेतली आणि जुन्या सवयीने नाकाशी नेली. आधीच का नाही नेली हे मला आजही सांगता येत नाही. त्या मातीला मातीचा वासच नव्हता. सरकारी दवाखान्याच्या बोळात असतो तसा वास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर टाकीच्या आडोशाला थांबले. फरशी पुसून मावशी निघाल्या असतील-नसतील, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, मग दम, मग पुढची पायरी. सासरे वर आले. हातात फरशी पुसल्याच्या पाण्याची बादली, पाणी पांढुरकं. पाणी वाया घालवायचं नाही हा या घरातला कायदाच आहे. तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना, भाज्या धुतलेलं पाणी झाडांना. हेही त्याच कायद्यात बसत होतं. त्यांनी बादलीत प्लॅस्टिकचा मग बुडवला आणि माझ्या रोपांवर नेमाने ओतायला लागले.

मी ओरडलेच. "बाबा! मारलंत तुम्ही त्यांना!"

त्यांच्या हातातला मग पडता पडता राहिला. "कोणाला?"

"मातीतल्या जिवांना! फिनेल आहे त्यात! मी आठवडा आठवडा मुरवून त्यांना वाढवते आणि तुम्ही रोज सकाळी येऊन मारता! वर इतकं पाणी! रोगाला आणखी काय हवं?"

"अगं, जंतू मारायलाच असतं ना फिनेल?"

"सगळे जंतू मारायचे नसतात!"

"हे मला कसं कळणार?" तेही चिडले. "तूच म्हणालीस जेवताना, रोग पडतोय म्हणून. आधी मी नुसतं पुसल्याचंच पाणी घालत होतो. तू म्हणालीस त्या दिवसापासून वरून एक झाकण जास्त टाकतो. रोज, न चुकता. चार मजले चढायचे नसले तरी हा एक मजला या गुडघ्यांना पुरतो. हौस म्हणून येतो का मी?"

मला रागाने रडू आलं. मदत करत होता हा माणूस. ज्याच्यावर मनसोक्त ओरडावं त्याने नेमकी मदत केलेली निघावी, यासारखा वैताग नाही. मी तिथेच भडाभडा सगळं बोलले. हे माझ्या आईचं बी आहे, आता कुठेच मिळत नाही, पुरचुंडी संपली, ही तीन गेली की आईचं वांगं जगात उरणार नाही.

ते बादली खाली ठेवून कठड्याला टेकले. मग म्हणाले, "ही आईची आहेत हे एकदा तरी सांगायचंस."

उत्तर होतं ते त्या डब्यातल्या भाजीचं, पण ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला ते ऐकवून काय मिळणार होतं?

तिन्ही रोपं मुळांजवळच्या मातीसकट उचलली, मुळं जपत शक्य तेवढी ती माती झाडली आणि मुरवलेल्या खतातल्या नव्या मातीत लावली. संध्याकाळपर्यंत एक गेलं. दुसरं सकाळी आडवं दिसलं. एक उभं होतं. वांग्याला बी धरायला एक झाडही पुरतं, म्हणून मी श्वास रोखून त्या एकाकडे बघत होते.

सासरे रिकाम्या हाताने वर आले. कुंडीपाशी वाकले, थोडी माती घेऊन मी करते तशी नाकाशी नेली आणि चेहरा कोराच ठेवला.

"इतक्या वर्षांत मी तुझ्या आईला कधी विचारलं नाही," ते म्हणाले, "तुम्ही घरी काय लावता, कसं लावता. आता कोणाला विचारणार?"

माझा राग अजून गेला नव्हता. मी म्हटलं, "मला विचारा."

ते रोपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. तुझी आई याला पाणी किती घालायची?"

मी सांगायला तोंड उघडलं, आणि मला आठवेना. ते मीही तिला कधी विचारलं नव्हतं.